उपचार संपले, मन अजून तिथेच आहे

कर्करोगाचे उपचार पूर्ण झालेल्या वाचकांनी आणि त्यांच्या घरच्यांनी आपले प्रश्न कळवावेत, असे आवाहन आम्ही गेल्या अंकात केले होते. आलेल्या पत्रांत शरीराविषयीचे प्रश्न थोडे होते आणि मनाविषयीचे पुष्कळ. बहुतेकांनी पत्राच्या आरंभीच क्षमा मागितली आहे. आपण वाचलो, तरी तक्रार करतो आहोत, याचा त्यांना संकोच वाटतो. गेली अनेक वर्षे अशा माणसांशी बोलण्याचेच काम करत असल्यामुळे मी आधीच सांगते की, ही क्षमा मागण्याचे काहीही कारण नाही. निवडलेली सहा पत्रे संक्षिप्त करून, नावे न देता पुढे छापली आहेत.

प्रश्न : माझे वय ४८ आहे. स्तनाच्या कर्करोगासाठी शस्त्रक्रिया, किमोथेरपी आणि रेडिएशन होऊन आठ महिने झाले. आता फक्त टॅमॉक्सिफेन या संप्रेरकांचा परिणाम रोखणाऱ्या औषधाची गोळी चालू आहे आणि रिपोर्ट चांगले आहेत. उपचार चालू असताना मी एकदाही रडले नाही, उलट घरच्यांनाच धीर देत होते. आता मात्र कारण नसताना डोळे भरून येतात, कशातच मन लागत नाही आणि ‘तू तर जिंकलीस’ असे कोणी म्हटले की राग येतो. मग त्या रागाची लाज वाटते. मी कृतघ्न झाले आहे का?

उत्तर : नाही, आपण कृतघ्न झालेला नाहीत. ज्या रडण्याला कारण नाही असे आपण म्हणता त्याला कारण आहे, फक्त ते जुने आहे. निदान झाल्या दिवसापासून आपल्यापुढे रोज काहीतरी करायचे होते: तपासणी, पुढची किमो, रक्तातल्या पेशींचे आकडे, रेडिएशनची वेळ. अशा काळात मनाला स्वतःकडे पाहण्याची सवड नसते, आणि घरच्यांना धीर देण्याचे काम आपण अंगावर घेतले असल्यामुळे ती आपल्याला इतरांपेक्षाही कमी मिळाली. आपण दिलेला धीर खोटा नव्हता, पण तो उसना होता, आणि धावपळ थांबली की उसन्याची परतफेड सुरू होते.

आणखी एक गोष्ट फारशी कोणी बोलून दाखवत नाही. उपचार कितीही त्रासदायक असले तरी त्यांचा आधार असतो. कोणीतरी आपल्याला वारंवार तपासत असते, काही वेगळे वाटले तर विचारायला माणूस समोर असतो आणि रोगाविरुद्ध काहीतरी चालू आहे, ही जाणीव मनाला सावरून धरते. शेवटच्या रेडिएशनच्या दिवशी सुटकेचा आनंद होतो आणि त्याच दिवशी हा आधारही सुटतो. पुढची तपासणी काही महिन्यांनी, एवढेच सांगून आपल्याला घरी पाठवले जाते. अनेकांच्या मनाची घसरण नेमकी तिथून सुरू होते, आणि घरच्यांना ती कळत नाही, कारण त्यांच्या दृष्टीने संकट त्या दिवशी संपलेले असते.

फिट्झ्यू मलन नावाच्या अमेरिकन डॉक्टरांना वयाच्या बत्तिशीत स्वतःच्याच छातीत कर्करोग असल्याचे कळले होते. त्या अनुभवावर त्यांनी १९८५ मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात एक लेख लिहिला. आजारी आणि बरा असे माणसाचे दोनच भाग पाडणे चुकीचे आहे, असे त्यांचे म्हणणे होते. निदान झाल्यापासून माणूस तीन ऋतूंतून जातो: उपचारांचा, त्यानंतरच्या अनिश्चिततेचा आणि पुढे बऱ्याच काळाने येणाऱ्या स्थैर्याचा. या मधल्या ऋतूत शरीर थकलेले असते, भीती जागी असते आणि वैद्यकीय मदत मात्र मागे सरकलेली असते, असे त्यांनी लिहिले. आपण आज त्या मधल्या ऋतूत आहात.

‘जिंकलीस’ या शब्दाचा आपल्याला येणारा राग मला अगदी योग्य वाटतो. त्या शब्दामुळे पुढे काही बोलण्याची सोय उरत नाही, कारण जिंकलेल्या माणसाने रडायचे नसते. शिवाय त्यातून असाही अर्थ निघतो की जे गेले ते कमी झुंजले, आणि तो धडधडीत अन्याय आहे. आपण अवयव गमावला आहे, एक वर्ष गमावले आहे, आणि आपले शरीर आपल्याला कळवल्याशिवाय काही करणार नाही, हा लहानपणापासूनचा विश्वासही गमावला आहे. या गोष्टींचा शोक करण्यात कृतघ्नपणा कसला? वाचल्याचे समाधान आणि गमावल्याचे दुःख एकाच मनात राहू शकतात. लोकांना उत्तर द्यावेसे वाटले तर ‘उपचार संपले आहेत, मी अजून बरी होते आहे’ एवढे सांगावे. घरात एक असे माणूस निवडावे, जे समजूत न घालता ऐकून घेईल, आणि त्याला तसे आधीच सांगून ठेवावे, म्हणजे त्यालाही काय करायचे ते कळेल.

मात्र आपल्या पत्रातल्या ‘कशातच मन लागत नाही’ या शब्दांकडे मी दुर्लक्ष करणार नाही. दुःख लाटेसारखे येते आणि मधूनमधून ओसरते. पण मन दिवसभर खिन्न असणे, पूर्वी आवडणाऱ्या गोष्टी नकोशा होणे, झोप किंवा भूक बिघडणे आणि आपण निरुपयोगी आहोत असे वाटणे, हे सलग दोन आठवडे टिकले तर ते नैराश्य असू शकते. तो एक वेगळा आजार आहे आणि त्यावर चांगले उपचार आहेत. मानसोपचारतज्ज्ञांकडे जाताना टॅमॉक्सिफेन चालू असल्याचे न विसरता सांगावे. हे औषध शरीरात गेल्यावर यकृतातल्या एका विकरामुळे (एन्झाइममुळे) अधिक परिणामकारक रूपात बदलते, आणि पॅरॉक्सेटीन, फ्लुओक्सेटीन यांसारखी नैराश्यावरची काही औषधे त्या विकराला अडवतात. अशी अडचण न आणणारी दुसरी औषधे आहेत, म्हणून निवड कर्करोगतज्ज्ञांशी बोलूनच व्हावी. आपण होऊन कोणतीही गोळी बंद करू नये. आणि जगणे नकोसे वाटण्यापर्यंत विचार गेले, तर पुढच्या तपासणीच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी कोणाला तरी सांगून डॉक्टरांकडे जावे.

प्रश्न : मी ३९ वर्षांचा आहे. लिम्फोमाचे, म्हणजे लसिका ग्रंथींच्या कर्करोगाचे, उपचार संपून दोन वर्षे झाली. दर सहा महिन्यांनी तपासणी असते आणि तिच्या आधीचे पंधरा दिवस मला झोप लागत नाही. एरवीही दिवसातून कितीतरी वेळा हात मानेकडे जातो आणि मी गाठ चाचपून पाहतो. साधा खोकला आला तरी आजार उलटला असेच वाटते. डॉक्टर म्हणतात की सगळे ठीक आहे, पण ते समाधान दोन दिवसही टिकत नाही.

उत्तर : आपली पहिली गाठ बहुधा दुखली नसेल. लिम्फोमात अनेकदा तसेच होते. गाठ असते, ती दुखत नाही आणि माणूस तिच्याकडे लक्ष देत नाही. मग एके दिवशी निदान होते आणि मेंदू त्या अनुभवातून एक कठोर नियम शिकतो, की शरीराच्या कोणत्याही खुणेकडे पुन्हा कधीही दुर्लक्ष करायचे नाही. हा मेंदूचा वेडेपणा नाही. घरात एकदा आग लागून गेल्यावर उदबत्तीच्या धुरानेही माणूस दचकतो, तसेच हे आहे. बालपणी कर्करोग होऊन वाचलेल्या मुलांच्या मानसिक स्थितीवर १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ग्रंथाने या अवस्थेला डॅमोक्लीझचे नाव दिले. प्राचीन कथेतल्या त्या दरबाऱ्याच्या डोक्यावर घोड्याच्या एका केसाला बांधलेली तलवार लटकत होती आणि खाली मेजवानी चालू होती.

आता चाचपण्याविषयी. हात मानेवर गेला, काही लागले नाही आणि क्षणभर हायसे वाटले, की मेंदू असा अर्थ काढतो की आपण तपासले म्हणून वाचलो. त्यामुळे पुढच्या वेळी हात अधिक लवकर जातो. दिलासा मिळवण्याच्या या प्रयत्नानेच भीती पोसली जाते. डॉक्टरांचे ‘ठीक आहे’ दोन दिवसांत विरून जाते, त्याचे कारणही हेच. शिवाय एकच जागा पुन्हा पुन्हा दाबली की ती हुळहुळी होते आणि मग ती दुखते म्हणून नवी शंका येते. पुढच्या भेटीत डॉक्टरांना तीन गोष्टी विचारून कागदावर लिहून घ्या: माझ्या बाबतीत आजार उलटल्यास कोणती लक्षणे दिसण्याची शक्यता अधिक आहे, एखादे लक्षण किती दिवस टिकले तर मी फोन करावा, आणि स्वतःहून गाठी तपासायच्या असतील तर किती अंतराने. ठरलेल्या अंतराने एकदा नीट तपासा आणि मधल्या काळात हात उठला तर त्याला थोडे थांबवा, आधी दहा मिनिटे, मग अर्धा तास. ती वेळ अस्वस्थतेत जाईल. पण न तपासताही ती अस्वस्थता आपोआप उतरते, हा अनुभव मनाला द्यायचा आहे आणि तो दुसऱ्या कोणाच्या सांगण्याने येत नाही.

रात्री इंटरनेटवर लक्षणे शोधणे पूर्ण बंद करावे, असे मी आग्रहाने सांगते. तिथले लिखाण आपले रिपोर्ट पाहून लिहिलेले नसते आणि मध्यरात्री प्रत्येक आकडा अधिक भयंकर दिसतो.

तपासणीआधीच्या पंधरवड्यात भीती येणारच, म्हणून ती येऊ नये अशी अपेक्षा ठेवण्यापेक्षा तिची तयारी करावी. रिपोर्ट कोणत्या दिवशी मिळेल, तो फोनवर सांगणार की प्रत्यक्ष भेटीत, आणि त्या वेळी आपल्यासोबत कोण असेल, हे तपासणीची तारीख घेतानाच विचारून घ्यावे. स्कॅनपेक्षा स्कॅन आणि रिपोर्ट यांमधल्या अनिश्चित तासांचाच त्रास पुष्कळांना अधिक होतो. त्या दिवसांत मोठे निर्णय घेऊ नयेत. काळजीसाठी दिवसातली वीस मिनिटे राखून ठेवावीत, संध्याकाळची असली तरी झोपण्याच्या वेळेपासून दूर. त्या वेळी मनातले सगळे लिहून काढावे आणि इतर वेळी विचार आला की त्याला ती वेळ दाखवावी. झोप येत नसेल तर अंथरुणात तळमळत राहू नये. उठून दुसऱ्या जागी शांत बसावे, डोळे मिटू लागले की परत यावे आणि सकाळी उठण्याची वेळ मात्र रोज एकच ठेवावी. निद्रानाशावरच्या मानसशास्त्रीय उपचारातली ही मूळ सूत्रे आहेत आणि दीर्घकाळ टिकलेल्या निद्रानाशासाठी झोपेच्या गोळीआधी याच उपचाराची शिफारस केली जाते.

एवढे करूनही भीती दिवसाचा मोठा भाग खात असेल तर मानसोपचार घ्यावेत. आजार उलटण्याच्या भीतीसाठीच तयार केलेली उपचारपद्धती ऑस्ट्रेलियात २०० हून अधिक जणांवर तपासली गेली आणि २०१७ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. स्तनाचा किंवा आतड्याचा कर्करोग अथवा मेलॅनोमा हा त्वचेचा कर्करोग होऊन गेलेल्या या लोकांपैकी ज्यांना केवळ शिथिलीकरण शिकवले त्यांच्यापेक्षा, भीतीकडे जाणारे लक्ष कसे वळवावे आणि आपल्याला जगण्यात काय मोलाचे वाटते हे कसे ठरवावे याची पाच सत्रे ज्यांना मिळाली, त्यांची भीती अधिक कमी झाली. ती शून्य होत नाही. ती आपल्या शेजारी बसलेली असतानाही आपण मुलांचा अभ्यास घेऊ शकतो, इतपत ती लहान होते.

प्रश्न : मला कर्करोग झाला त्याआधीची पाच वर्षे फार मानसिक ताणाची गेली. नातेवाईक म्हणतात, ‘तू सगळे मनात ठेवतेस म्हणून झाले.’ हे खरे आहे का? आता ताण आला की तो पुन्हा होईल, या विचाराने आणखी ताण येतो.

उत्तर : नातेवाइकांचे म्हणणे खरे मानू नये. कामाच्या ताणाचा कर्करोगाशी संबंध आहे का, हे पाहण्यासाठी युरोपातल्या बारा अभ्यासांतील १ लाख १६ हजार माणसांची माहिती एकत्र करून तपासली गेली आणि निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. मोठे आतडे, फुप्फुस, स्तन आणि पुरुषस्थ ग्रंथी यांच्या कर्करोगांशी त्या ताणाचा संबंध आढळला नाही. ताणामुळे माणूस अधिक धूम्रपान करतो किंवा मद्य घेतो आणि त्यातून धोका वाढतो, हे होऊ शकते. पण मनात ठेवल्याने गाठ होते, असे मानण्याला आधार नाही. लोक असे का बोलतात, तेही लक्षात घ्यावे. आजाराला आजारी माणसाच्या स्वभावातच कारण सापडले, की आपला स्वभाव तसा नाही म्हणून आपण सुरक्षित आहोत, असे त्यांना वाटते. त्यांच्या भीतीचे ओझे आपण उचलू नये. ताण जरूर कमी करावा, पण तो आज सुखाने झोप लागावी म्हणून.

प्रश्न : माझ्या पत्नीचे उपचार वर्षापूर्वी पूर्ण झाले. ती पूर्वीसारखी बोलत नाही, लहान गोष्टींवर चिडते आणि मला जवळ येऊ देत नाही. मी तिला सतत सांगतो की सकारात्मक विचार कर, मनाने खचलीस तर आजार पुन्हा डोके वर काढेल. त्यावर ती आणखीच गप्प होते. मी काय करावे?

उत्तर : आपण हे पत्र लिहिले त्यामागे माया आहे हे मला दिसते, म्हणून स्पष्ट बोलते. ‘सकारात्मक विचार कर’ हे वाक्य आजपासून थांबवावे. त्या वाक्यातून आपल्या पत्नीला ऐकू येते ते असे: तुला भीती वाटते हे मला ऐकायचे नाही, आणि आजार उलटला तर दोष तुझा असेल. हे दोन्ही आपल्या मनात नाही, याची मला खात्री आहे.

मनाच्या उभारीने आयुष्य वाढते, या समजुतीचा इतिहासही सांगते. आजार पसरलेल्या स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्णांना गटात बोलण्याची संधी दिली तर त्या अधिक काळ जगतात, असे १९८९ मध्ये एका छोट्या अभ्यासात दिसले आणि त्याची जगभर चर्चा झाली. पुढे तोच प्रयोग अधिक रुग्णांवर नीट करून पाहिल्यावर २००१ मध्ये निष्कर्ष आला, की आयुष्य वाढले नाही, परंतु ज्यांना आधी फार त्रास होत होता त्यांचे दुःख आणि वेदनांची जाणीव कमी झाली. मला हा दुसरा निष्कर्ष अधिक दिलासा देणारा वाटतो. याचा अर्थ आपली पत्नी एखाद्या संध्याकाळी मनसोक्त रडली तर तिच्या पेशींचे काही बिघडत नाही. तिला फक्त थोडे हलके वाटते.

मग बोलावे कसे? जिमी हॉलंड या मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी कर्करोगाच्या रुग्णांच्या मनाची काळजी घेण्याची स्वतंत्र शाखाच उभी केली. मनाचा त्रास मोजायला एक साधा तापमापक वापरण्याची पद्धत त्यांच्या पुढाकाराने रूढ झाली. शून्य म्हणजे काहीच त्रास नाही, दहा म्हणजे असह्य, आणि गेल्या आठवड्याचा आकडा रुग्णाने सांगायचा. चार किंवा त्याहून अधिक आकडा आला तर डॉक्टर पुढची चौकशी करतात. हे घरीही करता येते. ‘कशी आहेस?’ या प्रश्नाला ‘बरी आहे’ हेच उत्तर येते, पण ‘आज किती?’ असे विचारले तर ‘सहा’ एवढे म्हणणे कधीकधी जमते. त्यावर उपाय सुचवू नयेत. ‘कशामुळे सहा?’ एवढे विचारून ऐकत राहावे. आणि आपलाही आकडा त्यांना सांगावा. वर्षभर आपणही घाबरलेले होतात, रुग्णालयाच्या बाकावर बसून वाट पाहिली आहे, आणि आपल्याला कोणी विचारले नाही. आजारी माणसाला जपणाऱ्याचे नैराश्य बरेचदा कोणाच्या लक्षातच येत नाही.

जवळिकीविषयी आपण संकोचाने एका ओळीत लिहिले आहे. त्यांचा नकार आपल्याला आहे, असे धरून चालू नये. किमोथेरपीमुळे किंवा संप्रेरकांच्या गोळ्यांमुळे पाळी अकाली थांबते, योनिमार्ग कोरडा पडतो आणि संबंध वेदनादायक होतात. त्यावर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे उपाय असतात, फक्त कोणते चालतील हे कर्करोगतज्ज्ञांना विचारून ठरवावे लागते. शस्त्रक्रियेने बदललेले आपले शरीर जोडीदाराने पाहू नये, असेही पुष्कळ स्त्रियांना वाटते. काही काळ संबंधांची अपेक्षा बाजूला ठेवून केवळ हात धरणे, शेजारी बसणे, पाठीवरून हात फिरवणे यांकडे परत यावे, आणि यापुढे आज काही अपेक्षित नाही हे शब्दांत सांगावे. ते न सांगितल्यामुळे साधा स्पर्शही टाळला जातो.

प्रश्न : मी ५२ वर्षांची आहे. आतड्याच्या कर्करोगाच्या उपचारांनंतर तीन महिन्यांपूर्वी पुन्हा कामावर रुजू झाले. ओळखीच्या माणसांची नावे आठवत नाहीत, वाचलेले पान पुन्हा वाचावे लागते आणि दुपारपर्यंत अंगातली शक्ती संपते. सहकारी म्हणतात, ‘दिसतेस तर छान.’ मी आळशी झाले आहे का?

उत्तर : आपण आळशी नाही. विश्रांतीने न जाणारा थकवा ही उपचारांनंतरची अत्यंत सर्रास आढळणारी तक्रार आहे आणि ती कित्येक महिने, काहींच्या बाबतीत वर्षानुवर्षे राहते. नावे न आठवणे, एका वेळी दोन कामे न झेपणे, विचार धुक्यातून चालल्यासारखा वाटणे, यालाही डॉक्टर ओळखतात. किमोथेरपीखेरीज अपुरी झोप, चिंता आणि संप्रेरकांतले बदल यांचाही त्यात वाटा असतो. बहुतेकांच्या बाबतीत हे हळूहळू सुधारते.

आधी सहज दुरुस्त होणारी कारणे आहेत का ते पाहून घ्यावे: हिमोग्लोबिन, थायरॉइड, जीवनसत्त्व ब-१२, आणि चालू असलेली औषधे. त्यानंतरचा उपाय उलटा वाटतो, पण तो व्यायामाचा आहे. कर्करोगानंतरच्या थकव्यासाठी, चिंतेसाठी आणि नैराश्यासाठी आठवड्यातून तीन वेळा अर्धा तास, दम लागेल पण बोलता येईल इतक्या गतीचा व्यायाम करावा, अशी तज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय शिफारस २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. सुरुवात दहा मिनिटांनीही चालेल. किमोमुळे पावलांना बधिरपणा आला असेल तर चालताना जमीन सपाट असावी आणि पादत्राणे घट्ट बसणारी असावीत.

कामाच्या ठिकाणी वरिष्ठांना किती सांगायचे हे आपण ठरवावे, पण मोघम सांगण्यापेक्षा नेमके मागावे. ‘मला अजून बरे वाटत नाही’ यापेक्षा ‘पुढचे दोन महिने महत्त्वाच्या बैठका सकाळी ठेवाव्यात आणि सूचना लेखी मिळाव्यात’ हे त्यांना समजते आणि देताही येते. अवघड काम सकाळी करावे, एका वेळी एकच करावे आणि वही जवळ ठेवावी. ‘दिसतेस छान’ म्हणणाऱ्यांना आतले दिसत नाही. त्यांतल्या एखाद्या जिवलग सहकाऱ्याला तरी दुपारी काय होते ते सांगून ठेवावे. सगळ्यांपुढे छान दिसत राहण्यातच त्या अपुऱ्या शक्तीचा मोठा वाटा खर्च होतो.

प्रश्न : मला सतराव्या वर्षी रक्ताचा कर्करोग झाला होता. आता मी बावीस वर्षांची आहे आणि पूर्ण बरी आहे. शेजारच्या खाटेवर माझ्याच वयाची मैत्रीण होती. आम्हाला एकच औषधे चालू होती. ती गेली. माझा प्रत्येक वाढदिवस मला चोरल्यासारखा वाटतो. तिच्या आईला भेटावेसे वाटते, पण मला पाहून त्यांना काय वाटेल, या विचाराने पाय निघत नाही.

उत्तर : तू माझ्या मुलीच्या वयाची आहेस, म्हणून तुला एकेरीत लिहिते. तुझे पत्र मी दोनदा वाचले आणि काही वेळ उत्तर लिहू शकले नाही.

औषधे एकच होती, तरी आजार एकच नव्हता. रक्ताच्या कर्करोगात एकाच नावाखाली पेशींमधले जनुकीय बदल इतके वेगवेगळे असतात, की तेच औषध एका शरीरात काम करते आणि दुसऱ्यात करत नाही. यात कोणाची पात्रता पाहिली जात नाही. तुझ्या वाट्याला आलेले आयुष्य तिच्या वाट्यातून कापून घेतलेले नाही. तू बरी झाली नसतीस तरी ती वाचली नसती. हे तुला बुद्धीने माहीत असेल. तरी मन ऐकत नाही, कारण ‘मी चोर आहे’ असे म्हटले की तिच्या जाण्याला निदान काही कारण तरी मिळते, आणि कारणच नाही हे सहन करणे त्याहून कठीण असते. पुढे जाणे म्हणजे तिला विसरणे, अशीही भीती यात असते. वाढदिवशी काही वेळ तिच्या नावाने ठेव. त्या दिवशी तिला दोन ओळींचे पत्र लिही, मग उरलेला दिवस तुझा. हा भार दरवर्षी वाढतच असेल, तर शोकाच्या विषयात काम करणाऱ्या समुपदेशकांना भेट. पाच वर्षे झाली म्हणून आता उशीर झाला, असे त्यात काही नसते.

तिच्या आईविषयी मला असे वाटते. तुला पाहून त्यांना रडू येईल. ते तू येण्याने निर्माण झालेले दुःख नसेल, ते त्यांच्यापाशी रोज असतेच. मूल गेलेल्या आईबापांपुढे लोक त्या मुलाचे नाव घेणे टाळतात आणि त्या नावासाठी त्यांचे कान आसुसलेले असतात, हे मी अनेकांकडून ऐकले आहे. रात्री दिवे मालवल्यावर तुम्ही दोघी काय बोलत होतात, ती कशावर हसायची, आईविषयी काय सांगायची, यांतले कितीतरी त्यांना माहीत नसेल. मात्र अचानक दारात जाऊन उभी राहू नकोस. आधी एक छोटे पत्र पाठव. तू कोण आहेस ते लिही, तिची एक आठवण लिही आणि भेटायला आलेले चालेल का, ते विचार. नकोसे वाटत असेल तर उत्तर दिले नाही तरी चालेल, हेही त्यात लिही. उत्तर आले नाही, तरी ती आठवण त्यांच्यापर्यंत पोचलेली असेल.